मिंडस्ट्री: ऐन हल्ल्यात तोफा गप्प का पडतात, आणि पट्ट्याला सांडवा कसा द्यायचा

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मावशी, परत तेच झालं. फ्रोझन फॉरेस्ट, तेरावी वेव्ह. एकही तोफ फुटलेली नव्हती, पण कोणी गोळीच झाडेना. डॅगर सरळ चालत आले आणि कोअर गेला." मिंडस्ट्री हा व्हिडिओ गेम. त्यातला हा सेक्टर, म्हणजे नकाशाचा एक टप्पा, पंधरा वेव्ह, म्हणजे शत्रूच्या लाटा, टिकवला की आपला होतो. डॅगर हे शत्रूचे चालते सैनिक, आणि कोअर हा आपला मुख्य तळ; तो गेला की हरलो. पोरगं दोन वेव्ह आधी हरलं होतं, आणि तेही तिसऱ्यांदा.

मिंडस्ट्री खेळणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी भोगावं लागतं. आधीच्या वेव्ह निवांत जातात, मग अचानक तोफा थंड. माणूस घाबरून आणखी तोफा लावतो, भिंती जाड करतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच येऊन हरतो. म्हणून पहिली गोष्ट ठामपणे सांगते: असं हरणं तोफा कमी पडल्यामुळे होत नाही. दारूगोळा वाटेत अडकलेला असतो. मिंडस्ट्री दिसायला टॉवर डिफेन्स, म्हणजे तोफा लावून तळ राखण्याचा खेळ, असला तरी आतून तो पुरवठ्याचा खेळ आहे. तोफ, म्हणजे टरेट, हे त्या पुरवठ्याचं शेवटचं टोक.

खाली जे लिहिते आहे ते सातव्या आवृत्तीवर, सर्प्युलो ग्रहावरच्या मोहिमेत मी स्वतः करून पाहिलं आहे.

आधी निदान

हरल्यावर लगेच पुन्हा सुरू करू नका. सेव्ह उघडा, खेळ पॉजवर टाका आणि गप्प पडलेल्या तोफेपासून पट्ट्यावरून उलटं चालत खनिज काढणाऱ्या ड्रिलपर्यंत या. कन्व्हेयरला मी सगळीकडे पट्टा म्हणते आहे.

पट्टा थांबलेला दिसला म्हणून तो बिघडला असं समजू नका. तोफांची पोटं भरली की त्या माल घेत नाहीत आणि मागचा पट्टा उभा राहतो, ते बरोबरच आहे. बघायचं ते एवढंच: ज्या ठिकाणी पट्टा तोफेला किंवा राउटरला (आलेला माल आजूबाजूला वाटणारा ठोकळा) टेकतो, तिथे अगदी पुढची वस्तू कोणती आहे? त्या तोफेला ती चालते का?

भाच्याच्या सेव्हमध्ये मी नेमकं हेच पाहिलं. आठ तोफांची ओळ: सहा ड्युओ, शेवटी दोन हेल. पट्टा काठोकाठ तांब्याने भरलेला. ड्युओला तांबं, ग्राफाइट, सिलिकॉन असं तिन्ही चालतं. हेलला ग्राफाइट, सिलिकॉन किंवा पायराटाइट लागतं, तांबं ती घेतच नाही. त्याने मागून तांबं आणि ग्राफाइट एकाच पट्ट्यावर सोडलं होतं. सुरुवातीला दोन्ही जात होतं. ड्युओ भरल्या, आणि शेवटच्या राउटरमध्ये तांब्याचा एक तुकडा जाऊन बसला. डावीकडची हेल तो घेईना, उजवीकडची घेईना, पुढे वाटच नाही. त्या एका तुकड्यामागे अख्खा पट्टा उभा राहिला. ग्राफाइट दहा घरं मागे अडकलेलं मला स्पष्ट दिसत होतं, आणि दोन्ही हेल रिकाम्या. हेलच्या या अडकण्यात चुकीचा माल कुठेच आलेला नव्हता. तांबं बरोबर, ग्राफाइटही बरोबर, फक्त पट्ट्याला पुढे तोंड नव्हतं.

ड्युओ का थंडावल्या? त्याच ओळीत त्याने मध्येच एक ग्राफाइट प्रेस बसवला होता. त्याकडे आता येते.

नको तो माल शिरतो कुठून

हे नीट समजून घ्या, कारण नेमकं इथेच पाणी मुरतं.

ड्रिल आणि कारखाने आपला माल एका ठरावीक बाजूला टाकत नाहीत. शेजारी जे कोणी घ्यायला तयार असेल त्या सगळ्यांना ते आळीपाळीने देतात. पट्ट्याचं उलट आहे: तो फक्त समोर देतो. शेजारून जाणाऱ्या पट्ट्यावरून तोफ आपला गोळा उचलून घेईल असं नव्या खेळाडूला वाटतं, पण तसं होत नाही. तोफेला एकतर पट्ट्याचं टोक टेकावं लागतं, नाहीतर मध्ये राउटरसारखं काहीतरी लागतं. हा खेळ मुक्तस्रोत आहे. अनुकेन या नावाने लिहिणाऱ्या विकसकाने २०१७ मध्ये एका गेम जॅमसाठी तो सुरू केला आणि त्याचा जावातला सगळा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. मला शंका होती म्हणून मी पट्ट्याची फाइल उघडून पाहिली. पुढचं घर कोणतं एवढंच तो विचारतो, आजूबाजूला बघतच नाही.

या दोन स्वभावांमधून सगळे घोटाळे निघतात.

ग्राफाइट प्रेस दोन कोळसे घेऊन एक ग्राफाइट देतो. कोळशाचा पट्टा प्रेसला समोरून टेकला तर ठीक, कारण ज्या पट्ट्याचं तोंड प्रेसकडे आहे त्यावर प्रेस माल परत टाकू शकत नाही. पण तोच पट्टा वळणाआधी एखादं घर प्रेसच्या अंगाला घासून गेला, तर प्रेस आपलं ग्राफाइट त्या कोळशाच्या पट्ट्यावर टाकतो. ते फिरून प्रेसच्याच तोंडाशी येतं. प्रेस ग्राफाइट घेत नाही. कोळसा बंद, प्रेस बंद. भाच्याचं दुसरं घोडं इथे अडलं होतं. शिवाय त्याच्या कोळशाच्या पट्ट्यातला एक जुना राउटर तांब्याच्या ओळीला चिकटून होता, त्यामुळे थोडा कोळसा तांब्याच्या ओळीतही शिरला होता. कोळसा ड्युओला चालत नाही, म्हणून तो राउटरमध्येच अडकला. ड्युओंनी पोटातलं तांबं संपवलं आणि नंतर त्यांना काही मिळालंच नाही.

ड्रिलचं असंच. साधं मेकॅनिकल ड्रिल दोन बाय दोन घरांवर बसतं आणि त्याखाली ज्या धातूची घरं जास्त, तेवढाच एक माल काढतं. एका ड्रिलमधून मिश्रण येत नाही. पण शेजारचं ड्रिल जर शिशावर सरकलं असेल, तर पट्ट्यावर तांब्यामागून शिसं येणारच. द क्रेटर्स या सेक्टरमध्ये त्रास वाळूचा. तिथे ड्रिल खनिजावरून पूर्ण हुकून नुसत्या वाळूच्या जमिनीवर बसलं तरी ते बंद राहत नाही, इमाने इतबारे वाळू काढत बसतं. ड्रिल ठेवताना त्यावर मालाचं चित्र आणि सेकंदाचा वेग दिसतो. बोट उचलण्याआधी ते चित्र वाचायची सवय लावून घ्या. दोन पट्ट्यांच्या मधोमध बसलेलं ड्रिल दोघांवरही माल टाकतं, हेही ध्यानात असू द्या.

माल मधली घरं ओलांडून नेणाऱ्या ब्रिजचं टोक समोर आणि दोन्ही बाजूंना माल सोडतं, म्हणून ते दुसऱ्या पट्ट्याला चिकटलं की गळती ठरलेली. राउटर तर ज्याला त्याला वाटतो. एकाला एक चिकटवून राउटरची साखळी केली की माल त्यात पुढेमागे हेलपाटे घालत राहतो. अशी साखळी कधीच करू नका.

आणखी एक जागा: अनलोडर. कोअरला चिकटवून त्यातून माल काढायला तो लावतात. त्यावर कोणती वस्तू हवी ते निवडलं नाही, तर तो कोअरमधलं सगळंच पाळीपाळीने बाहेर काढतो, सेकंदाला अकरा वस्तू या वेगाने. दोन मिनिटांत संपूर्ण ओळ कचऱ्याने भरते. ओळीत तुम्हाला अचानक पाच-सहा प्रकारचा माल दिसला, तर आधी अनलोडर तपासा.

वेव्ह सुरू असताना तातडीचं काय करायचं

शत्रू समोर असेल तर पट्टा दुरुस्त करत बसू नका. कोअरवर टॅप करा, ग्राफाइट उचला आणि थेट तोफेवर टाका. तुमचं उडतं यान, अल्फा, एका खेपेला तीस वस्तू नेतं. सर्वात पुढच्या दोन-तीन तोफांना एकेक खेप दिली तर बहुतेकदा ती वेव्ह निभावते. एकट्याने खेळत असाल तर पॉज करून बांधकामाचा आराखडाही टाकून ठेवता येतो.

मग अडकलेले तुकडे काढा. इथे एक चूक खूपजण करतात: जुन्या पट्ट्यावरून टायटॅनियमचा पट्टा ओढतात आणि समजतात की साफ झालं. वरून बदललेला पट्टा आधीचा माल तसाच पोटात ठेवतो. अडकलेली घरं खरोखर पाडा, मोकळी होऊ द्या, मग नव्याने टाका. राउटरमध्ये अडकलेली वस्तूसुद्धा राउटर पाडल्याशिवाय जात नाही.

हे झालं तात्पुरतं. मूळ कायम राहिलं तर चार वेव्हनंतर पुन्हा तेच.

कायमचा उपाय: ओळ कोअरमध्ये संपवा

आमचं शेत कालव्याच्या शेपटाला होतं. पाण्याच्या पाळीच्या वेळी पाटात कुठेतरी वरच्या अंगाला काडीकचरा साचायचा आणि आमच्यापर्यंत ओलही पोचायची नाही. वडील पाटाचं शेवटचं तोंड कधी बंद करू द्यायचे नाहीत. जास्तीचं पाणी ओढ्यात जाऊ दे म्हणायचे, पाट वाहता पाहिजे. मिंडस्ट्रीच्या ओळीला मी नेमकं तेच लावलं, आणि त्यानंतर माझ्या तोफा मालाअभावी कधी थांबल्या नाहीत.

दारूगोळ्याचा पट्टा शेवटच्या तोफेवर संपवू नका. तो तोफांसमोरून नेऊन वळवा आणि कोअरमध्ये सोडा. कोअर सगळ्या प्रकारचा माल घेतो. मोहिमेत त्याची जागा भरली तरी तो घेणं थांबवत नाही, जादा माल जाळून टाकतो. म्हणजे वाळू येवो, शिसं येवो, कोळसा येवो, ज्याला कोणी घेत नाही ते वाहत वाहत कोअरमध्ये जाऊन पडतं. पट्टा कायम हलता राहतो आणि तोफ आपल्याला हवं ते उचलते.

हे मोहिमेपुरतं खरं आहे. स्वतःच्या नकाशावर खेळताना कोअर जाळून टाकेल याची खात्री धरू नका. कोअर शार्डमध्ये प्रत्येक वस्तू चार हजारांपर्यंतच मावते, आणि तांबं तिथे पोचलं की ओळ पुन्हा उभी. तिथे शेवटी माल जाळणारा इन्सिनरेटर बसवा आणि त्याला वीज द्या.

तोफांना माल द्यायला राउटरऐवजी अंडरफ्लो गेट वापरा. या गेटचं काम असं: आधी डावीकडे-उजवीकडे द्यायचं, दोन्हीकडे कोणी घेत नसेल तरच पुढे पाठवायचं. ओव्हरफ्लो गेट याच्या नेमकं उलट, आधी समोर आणि समोर अडलं तर बाजूंना. नावं सारखी असल्यामुळे गल्लत होते, लावताना दोनदा बघा. अंडरफ्लोमुळे तोफेचा हक्क पहिला राहतो आणि उरलेलंच कोअरकडे जातं. राउटर तसं करत नाही. तोफा रिकाम्या असतानाही तो वाटणी करून काही भाग पुढे सोडतो, त्यामुळे ओळ कोअरमध्ये सोडली की राउटरवाल्या तोफा हळू भरतात. अंडरफ्लोचं संशोधन झालेलं नसेल तोवर राउटर चालवून घ्या, फक्त दोन राउटरमध्ये पट्ट्याचं एक घर ठेवा.

बांधणी अशी. पट्ट्याचं एक घर, मग गेट, मग पुन्हा पट्ट्याचं एक घर, मग गेट. गेट एकमेकांना चिकटवत नेले तर माल अडू शकतो, म्हणून मधलं घर हवंच. प्रत्येक गेटच्या दोन्ही अंगांना एकेक ड्युओ किंवा हेल, दोन्ही एका घराच्या आहेत. पट्ट्याच्या घरांच्या अंगाला ज्या फटी राहतात त्यात मेंडर बसवा, तोही एका घराचा असतो. वीज मिळाली की तो साधारण दर सव्वातीन सेकंदांनी आसपासच्या बांधकामांची बारा टक्के दुरुस्ती करतो. भिंती त्यापुढे, मोकळी जागा सोडून. गेटच्या अंगाला तोफेऐवजी दुसरा कुठलाही पट्टा येणार नाही एवढं बघा, नाहीतर गेट त्यालाच भरभरून देत बसेल.

एकच ओळ, एकच माल, हा माझा आग्रह आहे. ग्राफाइट ड्युओ आणि हेल दोघींना चालतं, मग तांबं त्या पट्ट्यावर हवं कशाला? तांबं सरळ कोअरला जाऊ द्या. प्रेसमधून निघणारं ग्राफाइट आधी तोफांसमोरून फिरवा आणि उरलेलं कोअरमध्ये पडू द्या. ड्युओची मारक शक्तीही ग्राफाइटने वाढते. स्कॅटर या तोफेची ओळ मात्र वेगळी करा. ती फक्त उडणाऱ्यांवर झाडते आणि तिला भंगार, शिसं किंवा मेटाग्लास लागतं.

टायटॅनियम आणि सिलिकॉन हाती आलं की याहून चांगली रचना करता येते. कोअरला अनलोडर लावा, त्यावर ग्राफाइट निवडा, तिथून ओळ काढून तोफांसमोरून फिरवा आणि परत कोअरमध्येच आणा. ड्रिल फुटलं, प्रेस जळाला, तरी कोअरमधला साठा संपेपर्यंत तोफा चालू राहतात. ही रचना एकदा जमली की स्कीमॅटिक, म्हणजे बांधणीचा नमुना, म्हणून जतन करून ठेवा. पुढच्या सेक्टरमध्ये ती एका टॅपमध्ये उतरते.

तरीही अडत असेल तर

दोन शक्यता उरतात.

पहिली, माल अडत नाही पण पुरतच नाही. पट्टा वाहतो, पण वस्तूंमध्ये मोठी अंतरं दिसतात. अशा वेळी सुरुवातीच्या तोफा भरलेल्या आणि शेपटाकडच्या रिकाम्या असतात. ड्रिल वाढवा, किंवा आहेत त्या ड्रिलना पाणी द्या. पाण्याने ड्रिलचा वेग अडीच पटीहून जास्त होतो, आणि हे आठ नवी ड्रिल लावण्यापेक्षा कितीतरी सोपं पडतं. ओळीला मधून माल देता आला तर आणखी उत्तम.

दुसरी शक्यता विजेची. फ्रोझन फॉरेस्टमध्ये कंबश्चन जनरेटर पहिल्यांदा येतो. तो सेकंदाला साठ एकक वीज देतो आणि दर दोन सेकंदांना एक कोळसा खातो. सिलिकॉन स्मेल्टरला सेकंदाला तीस लागतात, म्हणजे एका जनरेटरवर दोनच. कोळशाच्या एकाच पट्ट्यावर प्रेस आणि जनरेटर दोन्ही असतील आणि कोळसा अपुरा असेल, तर वीज लुकलुकते, मेंडर थांबतात आणि भिंती हळूहळू झिजतात. जनरेटरला कोळशाची स्वतंत्र ड्रिलं द्या, आणि ती मेकॅनिकल किंवा न्यूमॅटिकच असू द्या. लेझर ड्रिलला वीज लागते. जनरेटरचा कोळसाच लेझर ड्रिलने काढायला लागलात, तर वीज कमी झाली की कोळसा कमी, आणि कोळसा कमी की वीज आणखी कमी. त्यातून सेक्टर आपोआप सावरत नाही.

त्यात फ्लेअर ही उडती यानं जनरेटरच शोधत येतात, आणि होरायझन कारखान्यांवर जाताना वाटेतल्या पट्ट्यांवर बॉम्ब टाकत जातात. हेल आणि लान्सर या तोफा आकाशात मारत नाहीत. म्हणून जनरेटर आणि प्रेसजवळ दोन ड्युओ किंवा एक स्कॅटर हवीच, ओळीचा भाग नसली तरी. पट्ट्याचं एकच घर बॉम्बने उडालं तरी पुढच्या सगळ्या तोफा उपाशी राहतात, आणि हल्ल्याच्या गडबडीत ते एक रिकामं घर पटकन दिसत नाही. वेव्ह संपली की ओळीवरून नजर फिरवा.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. सेव्ह मागवून घेतला, त्याला व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि हात त्याचेच चालू दिले. प्रेस एक घर बाजूला सरकवला. तांब्याचा पट्टा ओळीतून तोडला. राउटर पाडून गेट लावले. शेवटचं टोक सहा घरं वळवून कोअरमध्ये सोडलं. पाडापाडीत कोळशाचा एक तुकडा मागच्या वळणावर राहिला होता, तो त्याला काढून टाकायचा होता. मी म्हटलं राहू दे, बघ काय होतं ते.

कोळसा ओळीत शिरला. पहिल्या गेटवर आला, दोन्ही ड्युओंनी घेतला नाही, पुढे गेला. दुसरं गेट, तिसरं, चौथ्यावर हेल, तिथूनही पुढे. मागून ग्राफाइट येतच होतं आणि तोफा ते उचलत होत्या. कोळसा वळणावरून फिरला आणि कोअरमध्ये दिसेनासा झाला.

"गेला गं," तो म्हणाला, आणि त्याने चौदावी वेव्ह सोडली.